कचोरीवाल्याची उधारी आणि आपलं क्रेडिट कार्ड



गेल्या महिन्याभरात तिघी-चौघींनी मला एकच प्रश्न विचारला. किराणा, लाइट बिल, गॅस, औषधं यांसाठी क्रेडिट कार्ड वापरावं का? की ती शेवटी उधारीच, आणि उधारी म्हणजे वाईटच? एकीच्या सासूबाईंनी तर कार्ड कात्रीने कापायला लावलं म्हणे. मी स्वतः कार्ड वापरते, त्यामुळे ‘वापरा’ एवढं सांगून मोकळी होऊ शकले असते. पण हा प्रश्न आपल्या समाजात चारशे वर्षांपूर्वीही होता आणि त्याची लेखी नोंद आहे. ती आधी सांगते.

स्वाध्यायाला बसणाऱ्या बायकांना बनारसीदासांचं नाव ‘नाटक समयसार’मुळे माहीत असतं. त्यांचा जन्म १५८६ सालचा, जौनपूरचा. श्रीमाळ घराणं, घरात जवाहिरांचा व्यापार. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी पद्यात स्वतःची जीवनकथा लिहिली. माणसाचं आयुष्य एकशे दहा वर्षांचं धरलं तर ही अर्धीच गोष्ट झाली, म्हणून नाव ‘अर्धकथानक’. त्यात मोक्षमार्गाच्या गोष्टींबरोबर तोट्याच्या, चोरीच्या, आजारपणाच्या आणि उधारीच्या गोष्टी आहेत, आणि त्या कुठेही सजवलेल्या नाहीत.

जहांगीर बादशहाच्या काळात तरुण बनारसीदास आग्र्याला व्यापाराला गेले आणि सगळं गमावून बसले. संध्याकाळी ते घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचायचे, आठ-दहा माणसं ऐकायला जमायची. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज उधारीवर कचोऱ्या घेऊन खायचे. (कचोरी म्हटलं की मला आपली मूगडाळीचीच डोळ्यांसमोर येते.) मग एक दिवस त्यांनीच त्याला एकांतात सांगितलं, की माझ्याजवळ काही नाही, तू मला यापुढे उधार देऊ नकोस. कचोरीवाला म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खा, कोणी काही बोलणार नाही. असे कित्येक महिने गेले. पुढे एकाच्या भागीदारीत व्यापार सुरू झाला, हातात पैसे आले, तेव्हा हिशेब केला. चौदा रुपये निघाले. तीन हप्त्यांत ते फेडले.

आता हे आपल्या भाषेत मांडून बघा. क्रेडिट लिमिट वीस रुपये. वापर चौदा. परतफेड तीन हप्त्यांत, आणि व्याजाचा उल्लेखच नाही. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की घेणाऱ्याने आपली परिस्थिती आधी उघड सांगितली आणि देणाऱ्याने मर्यादा तोंडाने ठरवून दिली. तो रोज संध्याकाळी समोर बसत होता. माणूस कसा आहे हे त्याला कागद न बघता कळत होतं.

याच पुस्तकात आणखी एक वीस रुपये आहेत, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. हात हलवत बनारसीदास सासुरवाडीला, खैराबादला गेले. पत्नीने विचारलं तेव्हा खरी परिस्थिती सांगितली. तिने स्वतः जमवून ठेवलेले वीस रुपये त्यांच्या हातात दिले. मग आपल्या आईलाही विश्वासात घेतलं आणि आईने दोनशे रुपये दिले. त्यावर पुन्हा व्यापार उभा राहिला. आग्र्याच्या बाजारात नवऱ्याची पत वीस रुपये होती आणि घरात बायकोची गाठ वीस रुपयांची. डब्याच्या तळाशी नोटा ठेवणाऱ्या आपल्या आज्या काही नवीन करत नव्हत्या.

‘पत’ हा शब्दही किती चांगला आहे! पत म्हणजे क्रेडिट आणि पत म्हणजे अब्रूही. पतपेढी, पतसंस्था त्याच्यावरूनच. व्यापारी माणसं दूरच्या गावी रोकड नेण्याऐवजी हुंडी नेत. दर्शनी हुंडी दाखवली की लगेच पैसे, मुद्दती हुंडीचे ठरलेल्या दिवशी. माझ्या मुलीला डेबिट आणि क्रेडिट कार्डातला फरक मी असाच समजावला होता. मुद्दतीच्या दिवशी हुंडी वटली नाही तर पेढीची पत जायची, मग कितीही मोठी हवेली असो.

इथवरचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पुढचा सांगताना मात्र आपल्या घरांतून आवाज खाली जातो.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव कडाडले. पैसा खेळायला लागला, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले, घेणारेही घेत गेले. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच जमिनीचा सारा वाढवला गेला. जुनं कर्ज फिटेना आणि नवं मिळेना. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचं पाणी कोणी भरेना, दाढी कोणी करेना. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला, आणि तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत पसरलं. ते सावकार बहुतेक गुजर आणि मारवाडी होते. त्यांत वैष्णव होते, तसे जैनही होते.

इतिहासकार एक गोष्ट आवर्जून सांगतात. जमावाला बहुतेक ठिकाणी माणसं मारायची नव्हती. त्यांना हवी होती कर्जखतं. खतं हातात आली की ती जाळायची आणि निघून जायचं. ज्याने देण्यास नकार दिला त्याचं घर किंवा गंजी पेटायची.

लोकांचा राग कागदावर का होता? कारण त्या कागदावर काय लिहिलंय ते सही करणाऱ्याला वाचता येत नव्हतं. निशाणी केली की झालं. किती मुद्दल घेतलं, किती फेडलं, व्याज मुद्दलात मिळवून नवं खत केव्हा झालं, याचा हिशेब फक्त सावकाराच्या वहीत. भरलेल्या पैशांची पावती नाही. सगळेच सावकार खोटं लिहीत होते असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या डोक्यावर सरकारी साऱ्याचा तगादा होता, दुष्काळात बी-बियाणाला पैसे देणाराही सावकारच होता. पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणं आणि न्यासापहार म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेलं दाबणं हे दोन येतात. श्रावकांसाठीच्या यादीत हे मुद्दाम घालावं लागलं, म्हणजे वही लिहिणाऱ्या हाताला कुठे मोह होतो हे आचार्यांना पक्कं ठाऊक होतं.

दंगलीनंतर सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. त्यात न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार मिळाला. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, शेतकऱ्याला भरलेल्या पैशांची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्क मिळाला.

दर महिन्याला मोबाइलवर कार्डाचं स्टेटमेंट येतं आणि आपण ते न उघडता बोटाने बाजूला सारतो ना, तेव्हा मला हे सुप्याचं आठवतं. हिशेबाचा कागद ऋणकोच्या हातात पडावा म्हणून एकेकाळी इथे गावंच्या गावं उठली होती. आणि आता त्या वहीच्या दुसऱ्या बाजूला आपण आहोत. पिढ्यान्‌पिढ्या ‘येणे’ लिहिणाऱ्या घरांतल्या सुना-मुली आज ‘देणे’च्या रकान्यात आहेत.

एक शब्द राहिला. दामदुप्पट. आपल्याला तो गुंतवणुकीच्या जाहिरातीतून माहीत, की पैसे ठेवा, दामदुप्पट होतील. मूळ अर्थ अगदी उलटा आहे. जुन्या धर्मशास्त्राचा नियम असा, की एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू शकत नाही. शंभर दिले तर एका वेळी व्याजासह फार तर दोनशे मागता येतील. ऋणको बुडू नये म्हणून घातलेला तो बांध होता, आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी इंग्रजी अमलातही तो मानला. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला असा बांध नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजाच्या बाबतीत बँकांवर देखरेख ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं काम आहे, ग्राहक आयोगाचं नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

आता हे कार्ड आलं कुठून ते थोडक्यात. १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचं कार्ड निघालं. पुठ्ठ्याचं, हॉटेलात जेवून महिनाअखेर सगळे पैसे एकदम भरायचे. म्हणजे कचोरीवालाच, फक्त चेहरा नसलेला. खरा बदल १९५८ मध्ये झाला. बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात साठ हजार लोकांना, कोणी मागितलेली नसताना, टपालाने कार्डं पाठवून दिली. या कार्डावर सगळी बाकी भरायची सक्ती नव्हती. थोडी भरा, उरलेली पुढे न्या, तिच्यावर व्याज द्या. हेच कार्ड पुढे १९७६ मध्ये व्हिसा झालं. सुरुवातीला खूप लोकांनी पैसे बुडवले, कार्डं चोरीला गेली, बँकेला मोठा फटका बसला. पण थकलेल्या बाकीवरच्या व्याजात कमाई आहे हे बँकांना कळून चुकलं. न मागता कार्ड पाठवायला अमेरिकेत १९७० मध्ये बंदी आली. आणि बायकांचं म्हणाल तर १९७४ चा कायदा होईपर्यंत तिथे विवाहित बाईला स्वतःच्या नावावर कर्ज किंवा कार्ड देताना नवऱ्याची सही मागणं सर्रास चालायचं. स्वतः कमावणाऱ्या बाईलाही.

आपल्याकडे डायनर्स क्लब १९६१ च्या सुमारास आला, सेंट्रल बँकेने १९८० मध्ये स्वतःचं कार्ड काढलं. पण बराच काळ ते साहेब लोकांच्या पाकिटातलं, विमानतळावरचं आणि मोठ्या हॉटेलातलं काम होतं. आपल्या घरात चालायची ती वाण्याकडची वही. लहान लाल वही, एक दुकानात आणि एक घरी. मुलगा वही घेऊन जायचा, वाणी दोन्हींत मांडायचा, पगार झाला की आई दोन्ही वह्या पुढ्यात घेऊन बेरीज ताडून बघायची आणि मगच पैसे द्यायची. माझ्या माहेरी एकदा साखर दोनदा लिहिली गेली होती. आईने दुकानात जाऊन शांतपणे ती ओळ खोडून घेतली, आणि पुढच्या महिन्यापासून वाणी नोंदी मोठ्याने वाचून लिहायला लागला.

कार्ड स्वयंपाकघरात खऱ्या अर्थाने शिरलं ते अलीकडे. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली. आता दुकानातला तोच कोड स्कॅन करायचा, पैसे बचत खात्यातून गेले की उधारीतून, हे फोनच्या एका बारीक ओळीत लिहिलेलं असतं. कोथिंबिरीची जुडीसुद्धा उधारीवर येऊ शकते आणि कळतही नाही. मला स्वतःला हे पसंत नाही. भाजी, दूध, इस्त्री मी कार्डातून कधीच देत नाही.

मग मी ते कशासाठी वापरते? लाइट, गॅस, महिन्याचा किराणा, औषधं, मुलीची फी. म्हणजे जो खर्च कार्ड नसतं तरी झालाच असता आणि ज्याचे पैसे खात्यात आधीच आहेत, तेवढाच. बँकेने दिलेली मर्यादा वेगळी, माझी वेगळी. परिग्रह-परिमाण घेतलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. तिने चार साड्या ठरवल्या की दुकानात चाळीस असल्या तरी तिच्या चारच. मी ॲपमध्ये जाऊन मर्यादाच कमी करून घेतली आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत न्यायाने मिळवलेलं धन आहे, आणि उत्पन्नाला शोभेल एवढाच खर्च, ऐपतीला शोभेल असाच वेष, हेही आहे. बाराव्या शतकात पाटणच्या श्रीमंत व्यापाऱ्यांना हे सांगायची गरज पडली होती.

सगळ्यात जास्त फसवणारी ओळ म्हणजे ‘मिनिमम ड्यू’. समजा बिल आलं २०,००० रुपयांचं. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे १,०००. आपण हजार भरले आणि वाटलं, चला, वेळेवर भरलं. उरले १९,०००. महिना साडेतीन टक्के व्याज धरलं, आणि कार्डाचे दर साधारण त्याच्या आसपासच असतात, तर ६६५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे १२०. पुढचं बिल १९,७८५. हजार रुपये भरून कर्ज उतरलं फार तर २१५ रुपयांनी. प्रत्यक्षात तेवढंही नाही, कारण सगळे पैसे भरले नाहीत की व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या तूरडाळीवर आजपासून व्याज! म्हणून ऑटो-पे लावताना ‘टोटल ड्यू’ निवडलंय ना, हे एकदा उघडून बघा. अनेकींच्या फोनमध्ये ते ‘मिनिमम’वर असतं.

एटीएममधून कार्डावर रोख काढणं हे तर सरळ सावकाराच्या ओट्यावर जाणं आहे. पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज असतंच, दुकानदार तेवढी सूट दाखवतो, आणि व्याजावरचा जीएसटी आपल्याच पदरी येतो.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांसाठी जे नियम केले ते वाचताना मला १८७९ चा कायदाच पुन्हा वाचतेय असं वाटलं. न मागता कार्ड द्यायचं नाही, आणि दिलंच व त्याचं बिल लावलं तर बिल परत घेऊन दुप्पट दंड द्यायचा. विचारल्याशिवाय मर्यादा वाढवायची नाही. किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड किती लांबेल याचा इशारा बिलावरच छापायचा. बाकी नसताना कार्ड बंद करायचा अर्ज दिला तर सात कामाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये द्यायचे. फोनवर गोड बोलून कार्ड गळ्यात मारणाऱ्या मुलीला मी हा पहिला नियम सांगते. फोन लगेच ठेवला जातो.

आणखी एक गोष्ट, खास आपल्यापैकी घर सांभाळणाऱ्या बायकांसाठी. बऱ्याच जणींकडे नवऱ्याच्या कार्डावरचं जोडकार्ड असतं. त्यावरच्या बाकीची जबाबदारी मूळ कार्डधारकाची, म्हणजे नवऱ्याची. व्यवहार आपण करतो, पत त्याची. स्वतःचं उत्पन्न दाखवता येत नसेल तर स्वतःच्या नावच्या मुदत ठेवीवर कार्ड मिळतं. मर्यादा छोटी असते, ते बरंच. नवऱ्याच्या माघारी बँकेत एकटीने उभं राहायची वेळ आलेल्या दोन मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. एकीच्या नावावर ठेव, कार्ड, वेळेवर भरल्याची नोंद असं काही तरी होतं. दुसरीच्या नावावर फक्त दागिने होते, आणि पहिल्या तीन महिन्यांत ते गहाण पडले.

कर्जाबद्दलचा धाक आपल्याकडे एरवीही मोठाच. श्वेतांबर परंपरेत दीक्षेला अपात्र ठरणाऱ्यांच्या यादीत ऋणार्तही येतो. संसार सोडायची परवानगी मिळण्याआधीसुद्धा दुकानाची बाकी चुकती करावी लागते, हे ऐकून माझी मुलगी खूप हसली होती.

दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या दिवशी, आमच्याकडे अजून वहीपूजन होतं. दुकानाचा हिशेब संगणकावर गेला त्याला खूप वर्षं झाली, तरी एक लाल वही येते, तिच्यावर श्री काढतो, गौतमस्वामींचं आणि शालिभद्राचं नाव लिहितो. गेली तीन वर्षं त्याच वहीत मागच्या पानांवर मी कार्डाचा हिशेब मांडते. डावीकडे तारीख आणि खर्च, उजवीकडे बिल भरल्याची तारीख. महिन्याला अर्धा तास लागतो. मागच्या कार्तिकात एक ३४९ रुपयांची ओळ सापडली, कुठल्याशा ॲपची, जे मुलीने एकदा फुकट म्हणून उघडलं होतं. ते बंद केलं आणि नोंद लाल शाईने खोडली.